नवव्या गाण्यातला ‘तू’

“तुमचा हात दरवाज्याकडे का जातो?” नेलाने विचारलं, आणि बोग्नाचा हात हवेतच, दरवाज्याच्या दिशेला लांबवलेला राहिला. जुन्या सूतगिरणीच्या सभागृहात तालीम चालली होती. खुर्च्या अजून मांडायच्या होत्या, छताच्या लोखंडी तुळयांवर कबुतरं बसली होती. शनिवारी इथे नेलाचा कार्यक्रम होता. पुढच्या दोन रांगा वूच शहरातल्या बहिऱ्या लोकांसाठी राखून ठेवल्या होत्या. नेला गाणार आणि तिच्या डाव्या बाजूला उभी राहून बोग्ना ती गाणी हातांच्या भाषेत सांगणार. अकरापैकी आठ गाणी सुरळीत झाली होती. नवव्यापाशी नेलाने गिटार खाली ठेवली. तिशीतली, नखं कुरतडलेली, साधी मुलगी होती ती. हटकायचं म्हणून हटकणारी नव्हे. “मला तुमची भाषा कळत नाही,” ती म्हणाली, “पण दर कडव्याला तुमचा हात तिकडे जातो, कुणीतरी दारातून निघून गेल्यासारखा. कोण गेलंय?”

“तो,” बोग्ना म्हणाली. “ज्याला उद्देशून गाणं आहे तो. सोडून गेलेला.”

नेलाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. आवाजाच्या यंत्रापाशी बसलेल्या माणसाची पाठ आपल्याकडे आहे याची खात्री करून ती हलकेच म्हणाली, “पुरुष नाही तो. मला पाचवा महिना होता, तेव्हा गेलं ते. स्टेजवर मी हे सांगत नाही. लोकांना वाटतं प्रियकर, वाटू दे. पण तुम्ही हातांनी सांगणार, तेव्हा तुम्हाला ठाऊक असायला हवं. गाणी पाठवतानाच लिहायला हवं होतं. चुकलंच माझं.”

“तुमचं नाही, माझं चुकलं,” बोग्ना म्हणाली. “बदलते मी.” आणि ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

ट्राममध्ये खिडकीशी जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. बसलं की समोरच्या बाईकडे बघावं लागलं असतं. चुकलं, असं ती म्हणाली होती, आणि ते खरं नव्हतं. चूक माणसाच्या हातून नकळत होते. तिला कळलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी नेलाचा कागद आला तेव्हाच, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचताना, पहिल्या चार ओळींतच पोटात काहीतरी खाली सरकलं होतं. ‘नाव ठेवलं होतं तुझ्यासाठी, उशीखाली घडी घालून. तुझं येणं झालं नाही. आता कुणी कुणालाही हाक मारली, तरी ओ मीच देते.’ एवढंच. तो की ती, हे सगळ्या गाण्यात कुठे कळू दिलेलं नव्हतं. पोटात जे सरकलं त्याला बोग्नाने तिथल्या तिथे एक पुरुष करून टाकलं, त्याला कोट चढवला, हातात बॅग दिली आणि दारातून घालवून दिलं. तोंडाच्या भाषेत हे खपून जातं. तोंडाने ‘तू’ म्हटलं की तो ‘तू’ हवेत कुठेही राहू शकतो, ऐकणाऱ्याने वाटेल तिथे बसवून घ्यावा. हाताला ती मुभा नाही. हाताने ‘तू’ म्हणायचं तर बोट कुठेतरी रोखावं लागतं, आणि बोट रोखलं की तिथे कुणीतरी उभं राहतं. बावीस वर्षं ती हाच धंदा करत होती. कोर्टात, पोलिसचौकीत, लग्नात, बँकेत, एकदा तर एका प्रेताच्या ओळखीसाठीही तिने बहिऱ्यांचं ऐकणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांचं बहिऱ्यांना सांगितलं होतं, आणि बोग्नाबाई एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत असा तिचा लौकिक होता. फक्त बायकांच्या दवाखान्यात ती जात नसे. तिथला वास मला सोसत नाही, असं सांगून ती कामं ती दुसऱ्यांना देई. लोक म्हणत, असतं एकेकाचं.

लौकिक या शब्दाशी तिचं मन येऊन थांबलं आणि तिचे कान तापले. लहानपणीही तिचा लौकिकच होता. आईबाप दोघंही जन्मापासून बहिरे, आई बहिऱ्यांच्या सहकारी शिवणकारखान्यात, बाप झेनॉन तसल्याच एका चांभारकामाच्या कारखान्यात. घरात ऐकणारी ती एकटी. सहाव्या वर्षापासून ती त्यांना घेऊन कचेऱ्यांतून हिंडे. झेनॉन तिला ‘आमची मंत्रीण’ म्हणे. छातीवर पदक लावल्याची खूण करून. मंत्रिणीचं काम काय, तर बाहेरच्या जगाला जरा धुऊन पुसून घरात आणायचं. घरवाटपाच्या कचेरीतली बाई म्हणायची, “आता या मुक्यांना आणखी काय हवंय?” आणि बोग्ना हातांनी सांगायची, ‘बाई म्हणतात, बुधवारी या.’ मांसाच्या दुकानाच्या रांगेत मागून कुणी म्हणायचं, “हे असले लोक पोरं कशाला काढतात कोण जाणे,” आणि आईने काय म्हणाले म्हणून विचारलं की ती सांगायची, ‘थंडी वाढणार म्हणतात.’ कुणाला काही तोटा नव्हता त्यात. तिला ते सहज जमायचं. इतकं सहज, की चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी, दवाखान्याच्या त्या हिरव्या भिंतींच्या खोलीत, आपण नेहमीपेक्षा काही निराळं करतो आहोत असं तिला वाटलंही नसावं. निदान असं ती स्वतःला सांगत आली होती. ट्राम वळणावर करकरली आणि तिने दांडा घट्ट धरला. नाही, वाटलं होतं. निराळं आहे हे तिला चांगलं कळलं होतं. अकरा वर्षांची होती ती, अजाण नव्हती.

आईला सहावा महिना होता. तीन दिवस पोटात हालचाल नाही म्हणून ती गेली होती. सोबत बोग्ना, कारण झेनॉन कामावर, आणि तो येऊनही काय करणार. डॉक्टर थकलेला होता, वाईट नव्हता. त्याने लाकडी नळी पोटाला लावून पुष्कळ वेळ ऐकलं, इकडे लावली, तिकडे लावली, मग नळी टेबलावर ठेवून त्याने खोलीत कुणी मोठं माणूस आहे का म्हणून पाहिलं. कुणी नव्हतं. तेव्हा तो बोग्नाकडे वळला आणि म्हणाला, “नीट ऐक हं बाळ. आईला सांग, बाळाचं काळीज चालत नाहीये. बाळ गेलंय. ते बाहेर काढावं लागेल. गुरुवारी सकाळी यायचं, रात्रीचे कपडे घेऊन.” आई पलंगावर कोपरांवर टेकून बसली होती, झगा पोटावर तसाच वर गुंडाळलेला, आणि तिच्याकडे बघत होती. ती कधीच डॉक्टरांकडे बघायची नाही, बोग्नाच्या हातांकडे बघायची. तिने विचारलं, ‘का हलत नाही?’ आणि बोग्नाने आईच्या पोटाकडे बोट केलं, मग दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले. झोपलंय. गुरुवारी परत या. आईचा चेहरा सैल झाला. ‘तूही अशीच होतीस,’ ती म्हणाली, ‘झोपाळू.’ डॉक्टरने बाईचा तो चेहरा पाहिला आणि तो गोंधळला. मग बहुधा त्याने मनाशी ठरवलं की या लोकांची रीतच अशी असेल.

सोमवार आणि गुरुवार यांच्यामध्ये तीन रात्री होत्या. एकच रात्र असती तर गोष्ट निराळी झाली असती, असं बोग्नाला नेहमी वाटे. पहिल्या रात्री तिने ठरवलं, सकाळी सांगू. सकाळी आई हिरव्या लोकरीचं टोपडं विणत बसली होती. मंगळवारी कारखान्यातल्या बायका येऊन गेल्या, आईने सगळ्यांना झोपेची ती खूण करून दाखवली आणि सगळ्या हसल्या. बुधवारी झेनॉनने पलीकडच्या इमारतीतून कुणाची तरी जुनी बाबागाडी आणली. चार मजले. आई खालून ढकलत होती, झेनॉन वरून ओढत होता, आणि बोग्नाने एक चाक हातात धरलं होतं, निखळलेलं. चाक घेऊन ती प्रत्येक मजल्यावर थांबत होती आणि प्रत्येक मजल्यावर सांगणार होती. गुरुवारी शाळेत शुद्धलेखन होतं. ती शाळेत गेली. आई एकटीच रात्रीचे कपडे घेऊन दवाखान्यात गेली, आणि आत तिच्याशी कुणी काय बोललं, कुणी काही लिहून दाखवलं का, हे बोग्नाला कधी कळलं नाही. एवढं कळलं की जे बाहेर आलं ते बघूनच आईला समजलं. संध्याकाळी झेनॉनला डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहून दिलं होतं. त्याने तो कागद वाचला, घडी केली, आणि बोग्नाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मग त्याने तो कागद शेगडीत टाकला. त्यानंतर त्या विषयावर घरात बोग्नासमोर एक हात हलला नाही. आईने एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली आणि तेव्हापासून ती दवाखान्यात, कचेरीत, बाजारात वही घेऊन एकटी जाऊ लागली. मंत्रिणीला कुणी काढून टाकलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं.

ट्राममधून ती दोन थांबे आधी उतरली आणि चालत आईच्या घरी गेली. घंटा दाबली की आत दिवा लुकलुकतो. ती तिने एकदाच दाबली, तरी दार लगेच उघडलं.

‘उशीर केलास,’ आई हातांनी म्हणाली. स्टेफानिया सत्तरीची झाली होती, पाठीत जरा वाकली होती, पण तिचे हात अजून शिवणयंत्रावरच्या पोरीसारखे चपळ होते. ‘झालेवायका केलीय. आंबट झालीय जरा. बटाटे जास्त घे म्हणजे लागणार नाही.’

बोग्ना ओट्यापाशी उभी राहून ते बटाट्याचं आंबट सूप वाढून घेऊ लागली. दर गुरुवारी ती यायची आणि गाणी असली की आईला करून दाखवायची. आई शाळेत फारशी शिकली नव्हती, पण हातांचं तिला असं कळायचं की शहरातले दुभाषी तिला वचकून असत. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याला ती ‘माशा हाकलणारा’ म्हणे.

‘दाखव,’ जेवण झाल्यावर आई म्हणाली. ‘नववं. आठ दाखवलीस, दहा-अकरा दाखवलीस. मधलं खाल्लंस की काय?’

‘ते अजून बसलं नाहीये.’

‘मग बसव. मी कशाला आहे?’

बोग्ना उभी राहिली. तिला वाटलं, आता नवीन, खरं करून दाखवावं. पण हात उठले ते जुनंच करत उठले: उशी, घडी, नाव, आणि दरवाज्याकडे बोट. आईने दोन कडवी पाहिली आणि टेबलावर थाप मारली.

‘कोण हा बाबा?’

‘सोडून गेलेला.’

‘कागद आण बघू.’ आईने चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि एकेका शब्दावर बोट ठेवत हळूहळू वाचलं. मग चष्म्यावरून तिने लेकीकडे पाहिलं. ‘नाव ठेवलं होतं, असं लिहिलंय. पुरुषाला कुणी नाव ठेवतं होय? मेला आपलं नाव घेऊनच येतो, वर आपल्याला चिकटवतो. नाव ठेवावं लागतं ते पोराला. आणि इथे बघ, सोडून गेला असं कुठे आहे? येणं झालं नाही, असं आहे. जो आलाच नाही तो दारातून कसा जाईल?’ तिने कागद खाली ठेवला. ‘एवढं तुला कळलं नाही?’

बोग्नाने कागद उचलून त्याची घडी घातली.

‘बरं,’ आई म्हणाली. ‘मग तो “तू” कुठे दाखवायचा? पोटाकडे नको. पोट रिकामं झालंय. वर आभाळात नको, ते पाद्री लोकांचं काम. बाजूला पाळण्यातही नको, पाळण्यात कुणी निजलेलंच नाही.’ ती विचार करत बसली. मग तिने आपलं बोट उचललं, ‘तू’ म्हणायला निघालेलं बोट, आणि ते छातीपासून हातभर पुढे गेलं, आणि त्याला पुढे जागा मिळेना. ते जरा डावीकडे गेलं, उजवीकडे वळलं, आणि अर्ध्यावर तसंच थांबलं. ‘हे असं,’ ती दुसऱ्या हाताने म्हणाली. ‘असं कर. कळायचं त्यांना कळेल.’ पण ते पहिलं बोट तिने लगेच खाली घेतलं नाही.

त्या थांबलेल्या बोटाकडे बघताना बोग्नाच्या अंगातून लाज चढत गेली. ती खुर्चीत बसली आणि तिने हात टेबलावर आणले. ‘आई, मला माहीत होतं. त्या सोमवारी. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तू विचारलंस आणि मी खोटं सांगितलं.’

आईचा चेहरा बदलला नाही. ‘माझ्याकडे बघून सांग. मान खाली घातलीस की मला तुझं तोंड दिसत नाही.’

बोग्नाने मान वर केली आणि परत सांगितलं.

‘ठाऊक आहे मला,’ आई म्हणाली. ‘डॉक्टरचा चेहरा मला तुझ्या हातांच्या पलीकडे दिसत होता. चेहरा वाचायला दुभाषी लागत नाही. तो चेहरा एक म्हणत होता आणि तुझे हात एक. मी हातांवर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला. बाळाची बाबागाडी चार मजले चढवली मी. तेव्हा वाटलं, एवढं वजन वर नेतोय म्हणजे खोटं कसं असेल.’

‘मी सांगायला हवं होतं.’

‘हवं होतं. गुरुवारी माझ्याबरोबर यायला हवं होतं. मी तिथे आडवी, आणि सगळ्यांची तोंडं हलतायत, आणि एकही हात नाही. त्याचा राग आला मला. खूप वर्षं आला. पण तू अकरा वर्षांची होतीस, म्हणून तो बाहेर काढता येईना. मग तू विशीत आलीस, तिशीत आलीस. मी वाट बघत होते.’

‘मी कबूल करावं म्हणून?’

आईने हात झटकला, जणू समोर धूर आला होता. ‘तुझं कबूल करणं घेऊन मी काय करू? तुझं सारखं तेच. मी काय केलं, मी काय केलं. पस्तीस वर्षांत तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की ते कोण होतं? मुलगा होता की मुलगी एवढं तरी?’

खरंच विचारलं नव्हतं. त्या गुरुवारात ती कायम स्वतःलाच बघत आली होती, शाळेच्या बाकावर बसलेली. तिथून पलीकडे, दवाखान्याच्या त्या खोलीत, ती मनानेही कधी गेली नव्हती. जिथे कुणीतरी होतं, तिथे तिने आपला अपराध नेऊन ठेवला होता आणि सगळी जागा त्यानेच भरून टाकली होती. आजवर जिला ती लाज म्हणत होती ती या लाजेपुढे काहीच नव्हती.

‘कोण होतं?’ तिने विचारलं.

‘मुलगी. नर्सने पटकन गुंडाळली, पण मी पाहिली. तुझ्या बाबांची हनुवटी.’ आईने तर्जनीने आपल्या हनुवटीला दोनदा हलकं टोचलं. ‘हे तिचं नाव. बाबा आणि मी आपसांत घ्यायचो. गाण्यात वापरायचं नाही हं. ते आमचं आहे.’

‘नाही वापरणार.’

‘आता मला सांग,’ आई म्हणाली, आणि तिने खुर्ची मागे घेतली, नीट बघता यावं म्हणून. ‘डॉक्टर काय म्हणाला. तेव्हा राहिलं ते. शब्द न् शब्द.’

बोग्ना उठली. बसून हे काम कधी केलेलं नव्हतं. फ्रिजच्या बाजूला तिने बोटाने डॉक्टरला उभं केलं आणि तो होऊन सांगण्यासाठी आपला खांदा वळवला. नीट ऐक हं बाळ. आईला सांग, बाळाचं काळीज चालत नाहीये. बाळ गेलंय. हात चुकत नव्हते. ते बाहेर काढावं लागेल. गुरुवारी सकाळी यायचं, रात्रीचे कपडे घेऊन. इथे तिची आठवण नेहमी संपायची. इथून पुढे गाल, जोडलेले तळहात आणि आईचा सैल झालेला चेहरा. पण हात थांबले नाहीत. डॉक्टरने चष्मा काढला होता, डोळे चोळले होते, आणि तो आणखी एक वाक्य बोलला होता. तेव्हा ती ऐकत नव्हती, झोपेची खूण जुळवत होती. तरी कानात ते पडलेलं होतं आणि पडल्या जागी राहिलं होतं. आता ते हातांतून आलं, आणि ती ते आईबरोबरच, पहिल्यांदा ऐकत होती. ‘आणि आईला हे नक्की सांग, की तिच्या हातून काही चुकलेलं नाही. असं होतं कधी कधी. कुणाचा दोष नसतो.’

आई म्हणाली, ‘परत.’

बोग्नाने ते शेवटचं वाक्य परत सांगितलं.

‘असं म्हणाला तो? तू तुझं नाही घातलेलंस?’

‘नाही. त्याचंच आहे.’

‘परत.’

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर आई म्हणाली, ‘त्या आठवड्याच्या आधी बाबांची पाठ धरली होती. कोळसा मी वर आणला. दोन बादल्या, तळघरातून चार मजले, सहा दिवस. मला वाटलं, त्यानेच.’ तिचे हात हळू झाले होते, म्हाताऱ्या माणसाचे झाले होते. ‘त्यानंतर बाबांनी मरेपर्यंत मला बादलीला हात लावू दिला नाही. मला वाटायचं, त्यांनाही तेच वाटतंय, म्हणून. कधी विचारलं नाही.’ ती उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पाठ फिरवलेल्या बहिऱ्या माणसाला हाक मारता येत नाही. बोग्ना टेबलापाशी उभी होती आणि तिचे हात अजून छातीच्या उंचीवर होते, सांगण्यासारखं काही न उरलेले. खाली अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं. ती ते ऐकत होती, आई ऐकत नव्हती, आणि एकाच खोलीत दोघी किती निरनिराळ्या जागी आहेत हे तिला आयुष्यात इतकं कधी जाणवलं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. एवढं एक वाक्य जरी तिने पोचवलं असतं. गालिच्याचे फटके थांबले तरी आई वळली नाही. बऱ्याच वेळाने वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा चिडका होता.

‘सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय,’ ती म्हणाली. ‘वहीत लिहितात ते आताशा मला वाचता येत नाही. तू चल.’ आणि बोग्ना हो म्हणायच्या आतच तिने भांडी गोळा करायला घेतली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. आई पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून बसली होती. नवव्या गाण्यात बोग्नाचं बोट निघालं, जागा शोधत डावीउजवीकडे वळलं आणि अर्ध्यावर थांबलं. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने शेजारच्या माणसाच्या बाहीला धरलं आणि सोडलं नाही. नेला डोळे मिटून गात होती, तिला काही दिसलं नाही. कार्यक्रमानंतर ऐकणाऱ्यांतली एक सज्जन बाई मुद्दाम येऊन बोग्नाला म्हणाली, “एका गाण्यात जरा अडखळलात ना? असू द्या हो, कुणाच्या लक्षात आलं नाही.” बोग्नाने तिचे आभार मानले. परतताना ट्राममध्ये आई म्हणाली, ‘तिसऱ्या कडव्याला कोपर पडत होतं तुझं.’

सोमवारी डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, हसरी होती. तिने आईच्या डोळ्यांत दिवा धरून पुष्कळ वेळ पाहिलं, मग दिवा बंद करून खुर्ची बोग्नाकडे वळवली. “डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, तो छान होईल,” ती म्हणाली. “उजव्याच्या मागच्या पडद्याला मात्र इजा झालेली आहे. तो परत येईल असं मला वाटत नाही, आणि पुढेमागे डाव्यालाही तसं होऊ शकतं. बहिऱ्या माणसाला हे फार जड जाईल, नाही का? आत्ता त्यांना फक्त ऑपरेशनचं सांगा. बाकीचं घरी गेल्यावर, जरा हळूहळू.”

आई डॉक्टरकडे बघत नव्हती. ती बोग्नाच्या हातांकडे बघत होती.

बोग्नाला जाणवलं की आपले हात वर यायला तयार नाहीत. गुडघ्यांवर ते कुणी दुसऱ्याचे असल्यासारखे जड पडले होते, आणि डॉक्टरचं म्हणणं किती शहाणपणाचं आहे, किती मायेचं आहे, हे तिला पटतही होतं. तिने ते उचलले. डाव्याचं सांगितलं. उजव्याचं सांगितलं. पुढेमागे काय होऊ शकतं तेही सांगितलं. मग म्हणाली, ‘आणि डॉक्टर म्हणतात, हे तुला आत्ता सांगू नको. तुला जड जाईल. घरी गेल्यावर हळूहळू सांग.’

डॉक्टरला भाषा कळत नव्हती, पण काय घडलं ते कळलं असावं. तिचा चेहरा पडला. आईने एकदा तिच्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. पर्स तिने मांडीवरून काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले.

‘विचार तिला,’ ती म्हणाली, ‘किती दिवस आहेत. आणि माझ्या हातून काही चुकलंय का. शिवणाने डोळे गेले का.’

“आई विचारतेय,” बोग्ना मोठ्याने म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, म्हणून तिला ते पहिल्यापासून परत म्हणावं लागलं.